खेळांचेही रजिस्टर ठेवा!

आमच्या पाथर्डी तालुक्यातील वाड्या-वस्त्यांवर आता जुना, सेकंडहँड संगणक येऊ लागला आहे. कोणी नगरहून घेऊन येतो, कोणाचा भाऊ पुण्याला कामाला असतो तो पाठवून देतो. आई-बापाची इच्छा एकच, की पोरांनी शिकावे. पोरे शिकतातही. परंतु संगणक आल्यावर आठ दिवसांत त्यावर पहिला खेळ येतो, महिन्यात दहा होतात, आणि वर्ष सरल्यावर घरातल्या कोणालाच सांगता येत नाही की यात काय काय आहे, ते कोठून आले, कशाला पैसे पडले आणि कशामुळे संगणक उघडायला पाच मिनिटे लागू लागली. मोबाइलची गोष्ट तर विचारूच नका!

पोरांनी खेळावे की नाही, हा वाद आम्ही येथे घालणार नाही. तो पुष्कळ झाला. पोरे खेळणार आणि त्यांनी खेळावे. आमचा प्रश्न वेगळा आहे. घरात आलेले खेळ सांभाळणार कोण? त्यांचा हिशेब कोणाच्या हाती?

ग्रंथालय म्हणजे पुस्तकांचा ढीग नव्हे, हे आपल्या समाजाला सांगायला नको. ज्यांनी ग्रंथांसाठी राजगृह बांधले त्यांची आपण लेकरे. ढीग आणि ग्रंथालय यांत फरक असतो तो नोंदीचा. कोणते पुस्तक कोठे आहे, कोणी नेले, केव्हा आणले, हे लिहिलेले असले की ते ग्रंथालय. खेळांचेही तसेच आहे.

आणि खेळांची यादी करणे ही काही आजची टूम नाही. दीघनिकायातले पहिलेच सुत्त ब्रह्मजाल सुत्त. भिक्खूंनी कोणत्या खेळांपासून दूर राहावे ते त्यात एकेका शब्दात सांगितले आहे. अष्टपद आणि दसपद, म्हणजे आठ आणि दहा घरांच्या पटावरचे खेळ. तेच खेळ पटाशिवाय, नुसते मनात पट धरून खेळणे. जमिनीवर घरे आखून खेळणे, आपल्या पोरी ठिकरी खेळतात त्या जातीचे. ढिगातली एक एक सोंगटी बाकीच्या न हलवता काढणे. फासे. विटी-दांडूसारखा घटिका. पानांची पिपाणी, खेळण्यातला नांगर, भिरभिरे, छोटा गाडा, छोटे धनुष्य. पाठीवर किंवा हवेत काढलेले अक्षर ओळखणे. दुसऱ्याच्या मनातले ओळखणे. शेवटी माणसाच्या व्यंगाची नक्कल करणे हाही खेळ त्यात आहे, आणि तो आजही शाळेच्या मधल्या सुट्टीत बंद झालेला नाही. ही नावे भिक्खूंना वर्ज्य म्हणून सांगितलेली आहेत; त्या काळी लोक ते खेळत होते म्हणूनच ती सांगावी लागली. कोणी तरी यादी केली आणि पाठ केली, म्हणून त्या काळची पोरे काय खेळत ते आज पाथर्डीत बसून आपल्याला कळते. आमच्या आज्या जे खेळ खेळल्या त्यांतले किती आपण लिहून ठेवले?

खोटी यादी कशी असते तेही आपल्या पिढीने पाहिले आहे. १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायची खेळयंत्रे आली. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या त्या बहुतेक नकला. त्यात खोचायच्या पिवळ्या-लाल कॅसेटवर मोठ्या अक्षरांत छापलेले असे, ‘९९९९ इन १’. लावून पाहिले तर मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्याचा खेळ असे मोजके खेळ, आणि तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने! यादी दुसऱ्याने केली की असे होते. आजही जुना संगणक विकणारा सांगतो, पन्नास गेम फुकट भरून देतो. ते बहुधा कुलूप तोडलेले, चोरीचे असतात, आणि त्यांच्या पाठीवर बसून व्हायरस घरात येतो. ज्या संगणकावरून आपण बँकेचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो त्याच संगणकावर! असा भरलेला संगणक घेतला असेल तर आमचे सांगणे, आधी तो सारा पुसून विंडोज नव्याने टाकून घ्या. मग आपली यादी आपण सुरू करा.

पहिले साधन शंभर पानी वही

ज्या माउलीला बचत गटाचे रजिस्टर ठेवता येते तिला हे अवघड नाही. संगणक येत नसला तरी चालेल. एका खेळाला एक ओळ. खेळाचे नाव, घरात आला ती तारीख, कोठून आला, किती पैसे पडले, कोणाच्या खात्यावर आहे, डिस्कवर किती जागा खातो, इंटरनेटशिवाय चालतो का, आणि घरातले कोण कोण खेळते. जागा किती ते पोराला विचारू नका, संगणकालाच विचारा. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘ॲप्स’ उघडले की प्रत्येकापुढे आकडा दिसतो. या आकड्यांत फार मोठे अंतर असते. मारिओचा तो जुना खेळ मुळात अवघा ४० किलोबाइटचा होता. आजचा एखादा मोठा खेळ १०० गिगाबाइटच्या वर जातो. म्हणजे त्या एकाच्या जागेत जुना मारिओ पंचवीस लाख वेळा मावेल. एवढा मोठा खेळ मोबाइलच्या नेटवर उतरवायचा तर रोजचे दोन जीबी पन्नास दिवस त्यालाच द्यावे लागतील. हा हिशेब वहीत मांडला की पोरगा आपण होऊन गप्प बसतो, ओरडावे लागत नाही.

संगणकातली कपाटे

वही झाली. आता संगणकावरची साधने. यांना इंग्रजीत लाँचर म्हणतात. आपण कपाट म्हणू.

सर्वांत मोठे कपाट स्टीम. अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने ते १२ सप्टेंबर २००३ रोजी सुरू केले. ते दुकानही आहे आणि कपाटही. २०१५ पासून तेथे किमती रुपयांत दिसतात. दुकानातून घेतलेला किंवा फुकट मिळालेला खेळ ‘लायब्ररी’त आपोआप लागतो. पण दुसरीकडून आणलेला खेळही तेथे लावता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लायब्ररीच्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात ‘ॲड अ गेम’ असे असते. त्यातून ‘नॉन-स्टीम गेम’ निवडायचा आणि खेळाची फाइल दाखवायची. झाले. मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी. यामुळे खेळ कपाटात येत नाही, त्याची चिठ्ठी तेवढी लागते. खेळ जेथे होता तेथेच राहतो. चिठ्ठी काढून टाकली तर खेळ पुसला जात नाही आणि डिस्कही मोकळी होत नाही. शिवाय अशा खेळात पोरगा कोठवर पोहोचला ती नोंद स्टीम आपल्याकडे राखून ठेवत नाही. संगणक बिघडला की ती गेली.

त्याच लायब्ररीत ‘कलेक्शन’ करता येतात, म्हणजे कप्पे. आम्ही सुचवू की कप्पे खेळाच्या जातीने करू नयेत, माणसांनी करावेत. धाकटीचे, दादाचे, दोघांनी मिळून खेळायचे, पाहुण्यांची पोरे आल्यावरचे. नको तो खेळ नजरेआड ठेवायची सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नका. पोरे ती शोधतात.

ज्या घरात खेळ दोन-तीन दुकानांतून आले आहेत त्यांच्यासाठी प्लेनाइट नावाचे कपाट बरे. ते फुकट आहे, त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे आणि स्वतःचे खाते मागत नाही. स्टीम, एपिक, जीओजी या सगळ्या दुकानांतले आपले खेळ ते एका ठिकाणी दाखवते, घेतलेले पण अजून न उतरवलेले सुद्धा. डिस्कवरचा एखादा फोल्डर दाखवला तर त्यातले खेळ शोधून यादीत घालते. कोणता खेळ किती वेळ खेळला त्याचे तास लिहिते. खेळाचे नाव आपल्याला मराठीतून टाकता येते. आजीलाही वाचता येईल अशी यादी तयार होते. एपिक हे दुकान २०१८ च्या डिसेंबरपासून एकामागून एक खेळ फुकट देत आले आहे. फुकट म्हणून सगळे घेत सुटू नका, एवढेच.

जीओजी हे पोलंडमधले दुकान २००८ पासूनचे. त्याचे वैशिष्ट्य असे की तेथे घेतलेल्या खेळाची पूर्ण फाइल उतरवून पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर ठेवता येते. पुढे दुकान असो की नसो, इंटरनेट असो की नसो, आपला खेळ आपल्या डब्यात.

हे महत्त्वाचे का, ते सांगतो. बाकी बहुतेक ठिकाणी आपण खेळ विकत घेत नाही, खेळण्याचा परवाना घेतो. स्टीम आता पैसे भरायच्या पानावरच तसे लिहिते, २०२४ च्या ऑक्टोबरपासून. युबिसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ लोकांनी पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि खेळ सर्वांच्याच हातून गेला. आपल्याकडची उदाहरणे तर वस्तीतल्या पोरांना तोंडपाठ आहेत. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली. २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायर गेला. बंदी योग्य की अयोग्य हा प्रश्न निराळा. पण त्या खेळांतल्या कपड्यांवर, बंदुकांवर ज्यांनी बापाच्या मजुरीचे पैसे घातले होते त्यांना काय मिळाले? म्हणून वहीत एका खुणेने लिहून ठेवा, कोणता खेळ आपला आणि कोणता परवान्याचा. परवान्याच्या खेळावर खर्च करताना तो सिनेमाच्या तिकिटासारखा समजावा, भांड्यासारखा नव्हे.

जुना संगणक घेताना आणखी एक पाहावे. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ चा सांभाळ थांबवला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळही थांबवला. संगणक फारच जुना असेल तर त्यावर फुकटचे लिनक्स टाकून घ्यावे. त्यावर लुट्रिस नावाचे असेच कपाट मिळते. लहानग्यांसाठी जीकॉम्प्रिस आहे. एकाच संचात शंभराहून अधिक छोटे खेळ, मोजणीचे, अक्षरांचे, घड्याळाचे, कोड्यांचे. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी. पैसे नाहीत, जाहिरात नाही, जुन्या यंत्रावरही चालतो, मोबाइलवरही. बुद्धिबळासाठी लिचेस फुकट आहे, त्यातही जाहिरात नाही. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून ज्या घरात मुलगी बुद्धिबळ मागत असेल त्या घराने वहीतली पहिली ओळ लिचेसला द्यावी.

मोबाइल आणि पैसा

मोबाइलमध्ये वेगळे कपाट टाकायची गरज नाही, ते आधीच आहे. प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवून ‘मॅनेज ॲप्स’मध्ये गेले की सगळी यादी दिसते. ती जागेच्या क्रमाने लावता येते आणि कमी वापरलेले आधी अशीही लावता येते. महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी म्हणा, आई-बापाने पोराला शेजारी बसवून ही यादी पाहावी. पोराच्या मागे फोन तपासू नये. शेजारी बसवले की तो स्वतःच सांगतो, हा काढू, हा राहू द्या. तेथेच सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करता येते. ती आजच्या आज करा. पासवर्ड पोराचा वाढदिवस ठेवू नका!

पैसे लावून खेळायचे रमी आणि तत्सम ऑनलाइन खेळ हा या वहीचा विषयच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ते खेळ चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे पैसे फिरवणे यांवर बंदी घालणारा कायदा केला. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकला तर वैर, हरला तर गेल्या धनाचा शोक, घरातला पैसा जातो, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ मानतात. सहावा तोटा आमच्या बायाबापड्यांना अधिक पटेल, अशा माणसाला कोणी मुलगी देत नाही. कायद्यालाही चोरून कोणी असा खेळ फोनवर घेतलाच, तर महिन्याच्या यादीत तो दिसू शकतो. यादीचा हाही एक उपयोग.

कोयता निघण्यापूर्वी

आता पाथर्डीकरांच्या खास अडचणीकडे येऊ. बालाघाटाच्या कडेचा हा दुष्काळी मुलूख. दिवाळी आली की येथली कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही पोरे बरोबर जातात, काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. मोबाइल आई-बापाबरोबर फडात आणि संगणक घरी पोरांपाशी. त्यात पोरांसाठी घेतलेला दुसरा नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडतो. सतत ९० दिवस वापर नसलेला नंबर कंपनी काढून घेऊ शकते आणि पुढे दुसऱ्या कोणाला देऊ शकते. ज्या खात्यात सारे खेळ आहेत त्याची खूण, तो सहा आकडी ओटीपी, त्या मेलेल्या नंबरावर येत राहते. खाते गेले. आणि खेळ जाणे त्यातले सर्वांत लहान नुकसान. त्याच नंबरावर शाळेचे, शिष्यवृत्तीचे, बँकेचे काम अडकलेले असते.

म्हणून खाते एकच असावे, आईच्या किंवा बापाच्या नावाने. तेरा वर्षांखालील मुलाला स्टीमचे खाते काढण्याची परवानगीच नाही. खाते ईमेलला जोडावे, आणि ईमेलला दोन नंबर, एक फडात जाणाऱ्याचा, एक घरी राहणाऱ्याचा. ईमेलचे राखीव कोड मिळतात, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून वही आजीच्या पेटीत ठेवावी. निघण्याच्या आठवड्यात जे खेळ पोरांना हवेत ते उतरवून, एकदा चालवून पाहावेत आणि मग स्टीमला ‘ऑफलाइन मोड’वर ठेवावे. आधी एकदा नेटवर उघडलेला नसेल तर काही खेळ ऐनवेळी अडून बसतात. पोराने कोठवर मजल मारली त्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

मुले मोठी असतील आणि दोन संगणक असतील तर स्टीमची कुटुंब योजना आहे, ती २०२४ च्या सप्टेंबरपासून सर्वांना खुली झाली. एका घरातले सहा जण आपापल्या खात्यावर राहून एकमेकांचे खेळ खेळू शकतात. मोठ्यांना मुलांचे तास बांधून देता येतात, कोणता खेळ दिसावा ते ठरवता येते, मुलाने खरेदीची विनंती मोठ्याकडे पाठवायची. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पुतण्याला घातले आणि मग काढले तर ती जागा वर्षभर दुसऱ्याला देता येत नाही. आणि दुसऱ्याचा खेळ खेळताना पोराने लबाडी केली तर बंदी त्या खेळाच्या मालकावरही येते. तेव्हा सहा जागा भरायच्याच म्हणून भावकी गोळा करू नका.

वहीतल्या शेवटच्या रकान्याबद्दल आता बोलू. घरातले कोण खेळते? तीन महिन्यांनी तो रकाना वरपासून खाली वाचून पाहा. पुष्कळ घरांत त्यात मुलाचेच नाव सापडेल. मुलगी भांडी घासून येते तोवर संगणकापुढे भाऊ आणि त्याचे दोन मित्र. तिला आवडत नाही म्हणतात. तिच्यासाठी एक तरी खेळ घेतला होता का, हे वहीच सांगेल. प्लेनाइटमधले तासही सांगतील. तिची वेळ वहीत लिहून द्या, सायंकाळी सहा ते सात, आणि त्या वेळी संगणक तिचा. अभ्यास करो, खेळो.

त्याच वहीची मागची पाने संगणकाबाहेरच्या खेळांना ठेवावीत. सागरगोटे, नवकंकरी, वाघ-बकरी, चौसर. आजीला विचारून पट कसा आखायचा, सोंगट्या किती, कोणी कोणाला खायचे ते पोरीने तिच्या शब्दांत लिहून घ्यावे. आखलेला पट आजीने तपासून द्यावा. कॅरमच्या सोंगट्या एकोणीस आहेत का ते मोजून लिहावे, हरवलेलीच्या जागी बटण. चिंचोके एका डब्यात, फासे दुसऱ्यात, डब्यावर चिकटपट्टीने नंबर, आणि तोच नंबर वहीत.